एका डॉलरचा हिशोब: नाइट्स ऑफ कोलंबस आणि फादर मॅकगिव्हनी

मूळ वसईचे, आता न्यू जर्सीला स्थायिक झालेले एक गृहस्थ विचारतात: "रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये नाइट्स ऑफ कोलंबसची मंडळी भेटली. कॉफी झाली, गप्पा झाल्या, सभासद व्हा म्हणाले. पंधरा दिवसांनी त्यांचाच एक माणूस विम्याचे कागद घेऊन घरी हजर! ही चर्चची संघटना आहे, क्लब आहे, की विमा कंपनी? धर्माच्या नावाखाली विमा कशाला? भिशीसारखं काही आहे का? आणि पैसे बुडणार तर नाहीत?"

मी एकतीस वर्षं आयुर्विम्यात काढली. त्यातली अर्धीअधिक मृत्युदाव्यांच्या टेबलावर गेली आणि शेवटची काही अंडररायटिंगला, म्हणजे कोणाला किती हप्त्यात विमा द्यायचा ते ठरवण्यात. त्यामुळे चर्चच्या बाजूपेक्षा विम्याच्या बाजूने उत्तर देतो. हॉलमध्ये तलवारी, पिसांच्या टोप्या आणि पॅनकेकचा नाश्ता दिसतो, पण या संस्थेचा जन्म विम्यासाठी झाला. बाकीचं सगळं नंतर येऊन चिकटलं.

गोष्ट कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहराची. १८७०-८० च्या दशकात तिथले कॅथॉलिक म्हणजे मुख्यतः आयरिश स्थलांतरित. गिरण्या, पितळेचे कारखाने, रेल्वे, बांधकाम यांत राबणारे लोक. त्यांचं सेंट मेरीज चर्च हिलहाउस अॅव्हेन्यू या बड्या लोकांच्या रस्त्यावर उभं राहिलं, तेव्हा 'न्यू यॉर्क टाइम्स'ने १८७९ साली 'खानदानी रस्त्याला रोमन चर्चच्या इमारतीचा डाग' अशा अर्थाचा मथळा छापला होता. वातावरण कसं होतं ते यावरून कळावं.

या चर्चमध्ये मायकल मॅकगिव्हनी नावाचे तरुण फादर सहायक म्हणून आले. जन्म १८५२ चा, जवळच्याच वॉटरबरी शहरातला. वडील पितळेच्या कारखान्यात साचेकाम करायचे. तेरा भावंडांत हे थोरले. त्यातली सहा लहानपणीच गेली. स्वतः मायकल तेराव्या वर्षी शाळा सोडून चमचे बनवणाऱ्या खात्यात कामाला लागले होते. पुढे धर्मगुरू व्हायला कॅनडात शिकत असताना १८७३ मध्ये वडील वारले, आणि घरी आई व लहान भावंडं बघून शिक्षण जवळजवळ सुटलंच होतं. बिशपांनी मदत केली म्हणून बाल्टिमोरच्या सेमिनरीत शिक्षण पुरं झालं आणि डिसेंबर १८७७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. कर्ता माणूस गेला की घरात काय होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

आता एक प्रसंग. फेब्रुवारी १८८२. न्यू हेवनच्या प्रोबेट कोर्टात, म्हणजे वारसा आणि पालकत्वाच्या कोर्टात, डाउन्स नावाच्या कुटुंबाचं प्रकरण सुरू आहे. बाप वारलाय, मागे विधवा आई आणि मुलं. त्या वेळच्या कायद्यानुसार मुलांच्या पालनपोषणाची हमी देणारा पालक उभा राहिला नाही, तर कोर्ट मुलांना घरातून काढून संस्थेत पाठवू शकत असे. बाकीच्या मुलांची सोय झाली. आल्फ्रेड नावाच्या मुलाची राहिली. न्यायाधीशांनी विचारलं, याची जबाबदारी कोण घेणार? एकोणतीस वर्षांचे फादर मॅकगिव्हनी उभे राहिले आणि म्हणाले, मी घेतो.

मी दाव्यांच्या टेबलावर असताना समोर बसलेल्या बायका रक्कम किती मिळणार हे सहसा शेवटी विचारायच्या. आधी विचारायच्या, "शाळेची फी या महिन्यात भरायची आहे, तोवर होईल का?" म्हणून हा कोर्टातला प्रसंग वाचताना मला सारखं वाटतं की फादरांना तिथे उभ्या उभ्या एक गणित दिसलं असणार. एका आल्फ्रेडसाठी एक फादर उभा राहू शकतो. पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, असे किती आल्फ्रेड, आणि फादर किती?

अर्थात तयारी त्याआधीच सुरू झाली होती. २ ऑक्टोबर १८८१ ला सेंट मेरीजच्या तळघरात त्यांनी काही पुरुषांना जमवलं होतं. स्वतःची संस्था काढण्याआधी त्यांनी दुसऱ्यांच्या संस्थाही पाहून घेतल्या. बॉस्टनला कॅथॉलिक फॉरेस्टर्स होते, ब्रुकलिनला कॅथॉलिक बेनेव्होलंट लीजन होती. त्यांची शाखा होण्याऐवजी आपलं वेगळं बरं, असं ठरलं. २९ मार्च १८८२ ला कनेक्टिकटच्या विधिमंडळाने सनद दिली. पहिल्या शाखेचं नाव सान साल्वादोर कौन्सिल. कोलंबस पहिल्यांदा ज्या बेटावर उतरला त्याचं हे नाव.

नाव कोलंबसचं का? आयरिश कॅथॉलिकांना सतत ऐकावं लागे की तुमची निष्ठा पोपकडे, तुम्ही खरे अमेरिकन नव्हेच. त्यावर यांचं उत्तर: बाबांनो, हा देश ज्याने तुम्हाला दाखवला तोच कॅथॉलिक होता. फादरांच्या मनात 'सन्स ऑफ कोलंबस' होतं. यादवी युद्धात लढलेले जेम्स मुलन म्हणाले, 'नाइट्स', म्हणजे सरदार, ठेवा. तेच पुढे पहिले सुप्रीम नाइट, म्हणजे सर्वोच्च प्रमुख झाले. आज कोलंबसबद्दल अमेरिकेत वेगळेच वाद आहेत, पण १८८२ मध्ये या नावाचा अर्थ होता, 'आम्हीही इथलेच'.

आणि हा दरबारी थाट, तलवारी, दीक्षाविधी? तो त्या काळाचा धंदाच होता म्हणा ना. १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावी जॉन जॉर्डन अपचर्च नावाच्या रेल्वे मेकॅनिकने 'एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन' काढली, आणि बंधुमंडळाच्या आडून मृत्युलाभ देण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. व्यापारी विमा कंपन्यांचे हप्ते मजुराच्या खिशाबाहेरचे होते. लॉजमध्ये, म्हणजे अशा मंडळाच्या शाखेत, मात्र विमाही मिळे आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी झाल्यासारखंही वाटे. पण कॅथॉलिकांची पंचाईत अशी की फ्रीमेसनरी या गुप्त विधींच्या बंधुमंडळावर पोपची बंदी १७३८ पासूनची, आणि गुप्त शपथा घेणाऱ्या कुठल्याही मंडळाकडे चर्च संशयाने बघायचं. म्हणजे विमा हवा तर धर्म दुखावतो, धर्म पाळावा तर बायकामुलं उघडी. फादरांनी लॉजचा थाट आणि लॉजचा विमा उचलला, आणि कबुलीजबाबात धर्मगुरूपासून लपवावी लागेल अशी शपथ वगळली.

आता तुमचा भिशीचा प्रश्न. सुरुवातीची योजना खरंच भिशीच्या चुलतबहिणीसारखी होती. सभासद वारला की उरलेल्या प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा. हजार सभासद असले की विधवेला हजार डॉलर. सभासद हजाराच्या वर गेले की प्रत्येकाचा वाटा त्या प्रमाणात कमी. दोन हजार झाले तर पन्नास सेंट. शिवाय आजारी पडून काम बंद झालं तर आठवड्याला पाच डॉलरपर्यंत, तेरा आठवडे. साध्या मजुराला दिवसाला दीड डॉलरही मुश्किलीने मिळायचा, तेव्हा हजार डॉलर म्हणजे दोन-तीन वर्षांची कमाई.

वाचायला फार सुंदर वाटतं. माझ्यासारख्याच्या पोटात मात्र गोळा येतो. कारण डॉलर सगळ्यांना सारखाच होता, वय काहीही असो.

त्या काळी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या मृत्युदराच्या तक्त्यात, म्हणजे 'अमेरिकन एक्स्पीरियन्स टेबल'मध्ये, पंचविशीतल्या हजार माणसांमागे वर्षाला साधारण ८ मृत्यू धरलेत. पन्नाशीत जवळपास १४. साठीत जवळपास २७. आता हजार जणांचं मिश्र मंडळ घ्या आणि वर्षाला दहा मयतं धरा. प्रत्येकाने वर्षाला दहा डॉलर भरले. पंचविशीतल्या पोराचा खरा वाटा आठचा, तो दहा भरतोय. साठीतल्या काकांचा सत्तावीसचा, तेही दहाच भरतायत. पोरगा दोन-तीन वर्षं बंधुभावाने भरेल. मग त्याला शेजारच्या नव्या मंडळात सगळे तरुण दिसतील, तिथे वर्षाला आठच पडतायत हे कळेल, आणि तो तिकडे जाईल. तो गेला की इथलं सरासरी वय चढलं, मयतं वाढली, वाटा वाढला. मग पस्तिशीतलाही निघतो. आमच्या धंद्यात याला 'ॲडव्हर्स सिलेक्शन' म्हणतात. असं मंडळ बुडायला कोणी पैसे खावे लागत नाहीत.

हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या गावात मयत फंड होता. घरटी दोन रुपये. वही वडिलांकडे असायची, लाल कापडी पुठ्ठ्याची. मयताच्या दुसऱ्या दिवशी मी सायकलवर घरोघर जाऊन पैसे आणायचो आणि वडील नावापुढे टिंब द्यायचे. वर्षाला चार-पाच मयतं, कोणाला जड नव्हतं. मग पोरं मुंबईला गेली, आखातात गेली. वेगळी चूल झाली की नव्या घराचं नाव वहीत घालायला कोणी येईना. राहिली ती म्हाताऱ्यांची घरं. एका पावसाळ्यात सात मयतं झाली आणि सातव्या वेळेला अर्ध्या दारांतून मी रिकामा परतलो. जी आजी शेवटी गेली, तिच्या घराने वीस वर्षं एकही टिंब चुकवलं नव्हतं. तिच्या मुलाच्या हातात आले ते शवपेटीलाही पुरले नाहीत. वडील त्यानंतर कित्येक महिने त्या गल्लीतून जाणं टाळायचे. हिशोब पैशापैशाचा चोख होता, तरीही.

भारतात असल्या 'वाटणी' पद्धतीच्या फंडांचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतकं पीक आलं होतं, मृत्यू फंड काय आणि लग्न फंड काय, की सरकारला १९१२ मध्ये प्रॉव्हिडंट विमा संस्थांसाठी वेगळा कायदा करावा लागला. पुढे १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ५२ ने वाटणी तत्त्वावरचा विमा बंदच केला. अंडररायटिंगला नव्याने आलेल्या पोरांना मी हे कलम वडिलांच्या वहीची गोष्ट सांगूनच शिकवायचो.

मग नाइट्स ऑफ कोलंबस का बुडाले नाहीत? त्यांच्याबरोबर सुरू झालेली कितीतरी मंडळं बुडाली. माझ्या मते पहिल्या वीस वर्षांत ते दोन गोष्टींमुळे वाचले.

एक म्हणजे वाढ. सुरुवात रडतखडत झाली. १८८४ च्या पहिल्या अधिवेशनाला अवघे ४५९ सभासद होते. पण मग संस्था कनेक्टिकटबाहेर गेली, १८९७ मध्ये माँट्रियलला पोचली, १९०५ मध्ये मेक्सिको आणि फिलिपीन्सला, आणि १९०९ पर्यंत सभासद २,३०,००० झाले. तरुणांचा ओघ चालू असला की वाटणीचा दोष झाकला जातो. झाकला जातो म्हणतोय, जात नाही. शिवाय १८९० च्या दशकात विमा न घेताही सभासद होता येऊ लागलं. डॉक्टर, वकील, ज्यांना हजार डॉलरची गरज नव्हती, ते त्या दाराने आले. या एका निर्णयाने विमा मंडळाची चळवळ झाली. तुम्हाला कॉफी देणाऱ्यांपैकी किती जणांचा विमा तिथे आहे हे सहज विचारून बघा. बऱ्याच जणांचा नसेल.

दुसरी गोष्ट राखीव निधी, आणि ही मला चटका लावते. साथ आली तर काय करायचं, यासाठी वेगळी गंगाजळी असावी ही सूचना अगदी पहिल्यापासून होती. ती अनेकदा फेटाळली गेली. कारण साधं आहे. न झालेल्या मयताचे पैसे आज का भरायचे? १८८९-९० मध्ये इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ आली. मॅकगिव्हनी तेव्हा थॉमास्टन या कारखान्याच्या गावात पॅरिश सांभाळत होते. त्यांना न्यूमोनिया झाला आणि १४ ऑगस्ट १८९० ला ते गेले. अडतिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले होते. राखीव निधी मंजूर झाला १८९२ मध्ये. त्यानंतर टप्प्याटप्प्याने वयानुसार हप्ता आला, तक्ते आले, ॲक्च्युअरी म्हणजे विम्याचं गणित मांडणारे तज्ज्ञ आले. सगळ्यांना सारखा डॉलर ही संस्थापकाची कल्पना त्याच्याच संस्थेने मोडीत काढली, आणि म्हणूनच ती टिकली आणि तुम्ही आज तिच्याबद्दल विचारताय. १९१० मध्ये राज्यांच्या विमा आयुक्तांनी अलाबामातल्या मोबिल शहरी एक मसुदा ठरवला. बंधुमंडळांनाही दायित्वाइतकी मालमत्ता दाखवावी लागेल असा त्याचा रोख होता. ज्यांनी आधीच सुधारणा केली होती त्यांचं निभावलं.

पुढचा इतिहास चटकन सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध कमी. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैनिकांसाठी विसाव्याची ठिकाणं चालवली. पाटी असायची, 'सगळ्यांचं स्वागत, सगळं फुकट'. नाइट्स रक्तपाताची शपथ घेतात असा एक बनावट मजकूर १९१२ च्या सुमारास पसरवला गेला आणि पुढे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी, कॅथॉलिकविरोधी संघटनेनेही तो वापरला. अफवेला व्हॉट्सॲप लागत नाही. ऑरेगन राज्याने सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली, तेव्हा त्याविरुद्धच्या कोर्टलढ्याला यांनी पैसा पुरवला. १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. शाळेतल्या झेंड्याच्या प्रतिज्ञेत १९५४ मध्ये 'देवाच्या छायेखाली' अशा अर्थाचे शब्द आले, त्यामागेही यांचा रेटा होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी हेही नाइट, म्हणजे यांचे सभासद होते.

विमेवाल्याला रस वाटेल असा एकच किस्सा. १९५३ ते १९७१ न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमखालची जमीन यांच्या मालकीची होती. बेसबॉलच्या वेडापायी घेतली नव्हती. आजच्या हप्त्यातून तीस-चाळीस वर्षांनी दावे द्यायचे असतात, तर पैसा तितक्याच लांब मुदतीच्या आणि नियमित भाडं देणाऱ्या ठिकाणी हवा. न्यू हेवनला त्यांच्या मुख्यालयाची तेवीस मजली इमारत आहे, चार कोपऱ्यांवर चार गोल मनोरे: सेवाभाव, एकता, बंधुता, देशभक्ती. २०१५-१६ च्या सुमारास त्यांच्याकडच्या चालू आयुर्विम्याची रक्कम १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. मॅकगिव्हनींना ३१ ऑक्टोबर २०२० ला हार्टफर्डच्या कॅथेड्रलमध्ये 'ब्लेसेड' घोषित केलं. विम्याच्या धंद्यातून संतपदाच्या उंबरठ्यावर पोचलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

'धर्माच्या नावाखाली विमा' या तुमच्या नाराजीबद्दल एवढंच म्हणेन की वसईच्या माणसाने तरी नवल करू नये. १९१८ मध्ये मोन्सेन्योर पी. जे. मोनिस यांनी आपल्याकडे कॅथॉलिक पतपेढी उभी केली, तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. तिकडे प्रश्न विधवेचा होता, इकडे सावकाराचा. विमा सभासद आणि त्यांच्या घरच्यांनाच मिळतो ही अट मात्र खरी. ती धर्माइतकीच कायद्याचीही आहे. 'फ्रॅटर्नल बेनिफिट सोसायटी', म्हणजे सभासदांना विमा देणारं बंधुमंडळ, म्हणून मान्यता हवी तर भागधारक नकोत, शाखांची रचना हवी, निवडून आलेले प्रतिनिधी हवेत.

आता पैसे बुडतील का. मोठी, जुनी, राज्याच्या विमा खात्याच्या देखरेखीखालची संस्था आहे, तेव्हा घाबरून नकार देण्यासारखं काही नाही. पण सही करण्याआधी दोन गोष्टी नीट समजून घ्या. साधी आयुर्विमा कंपनी बुडाली तर अमेरिकेत राज्याचा गॅरंटी फंड ठरावीक मर्यादेपर्यंत विमेदाराला सांभाळतो. फ्रॅटर्नल संस्था सर्वसाधारणपणे त्या फंडात येत नाहीत. आणि तुमच्या हातात येईल त्याला पॉलिसी नव्हे, सर्टिफिकेट म्हणतात. त्यात शेवटच्या पानांवर एक कलम असतं: संस्थेचा राखीव निधी तुटीत गेला तर संचालक मंडळ प्रत्येक सभासदाकडून त्याच्या वाट्याची रक्कम मागू शकतं. तुम्ही ती रोख भरली नाही, तर ती सर्टिफिकेटवर कर्ज म्हणून चढते किंवा लाभातून कमी होते.

१८८२ चा डॉलर तो हाच. एजंट कॉफीच्या टेबलावर हे आपणहून सांगेलच असं नाही, पण विचारलं तर पान उघडून दाखवणं त्याचं काम आहे. दाखवायला सांगा. त्याच बैठकीत तेवढ्याच रकमेच्या टर्म विम्याचा, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणाऱ्या साध्या विम्याचा, दुसऱ्या दोन कंपन्यांचा हप्ता समोर ठेवा, आणि नॉमिनी म्हणून बायकोचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, स्पेलिंगसकट लिहून घ्या. वसईच्या आडनावांची स्पेलिंगं तीन कागदांवर तीन असतात, आणि त्यापायी अडकलेले दावे मी मोजायचे सोडून दिले होते.